निवड की निवडणूक?

चिनी-मराठी दुभाषी म्हणून इतकी वर्षं काम केलं, पण नानजिंगमधला तो दिवस विसरत नाही. महाराष्ट्रातल्या मंडळींचा अभ्यासदौरा होता. छिनह्वाय नदीकाठच्या जुन्या परीक्षागृहात गाइड ‘श्वेनज्यू’ म्हणाला आणि मी सवयीने बोलून गेले, ‘निवडणूक’.

“म्हणजे बादशहाच्या काळात इथं मतदान व्हायचं?” दौऱ्यातल्या सरपंच ताई थांबल्याच.

चूक माझी होती. आजच्या चिनीत श्वेनज्यू म्हणजे निवडणूकच. पण जुन्या राजवटींच्या इतिहासांत त्याच नावाचं प्रकरण असतं, ते अधिकारी निवडण्याबद्दल, परीक्षांबद्दल. “निवडणूक नाही ताई, निवड. तांदूळ निवडतो तशी.”

एके काळी इथे 20 हजारांहून जास्त खोल्या होत्या. खोली कसली, कोनाडाच. दोन फळ्या: दिवसा एकीवर बसायचं, दुसरीवर लिहायचं, रात्री दोन्ही जोडून आडवं व्हायचं. उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकत. मग कारकून अख्खी उत्तरपत्रिका लाल शाईने पुन्हा उतरवून काढत, अक्षरावरून माणूस कळू नये म्हणून. वशिला रोखायची एवढी काळजी! कन्फ्यूशियसच्या परंपरेतली ही गोष्ट मला फार मोठी वाटते. पण 1905 साली परीक्षा बंद होईपर्यंत बायकांना तिथे प्रवेश नव्हता. आणि पास झालेला अधिकारी गावाला नकोसा झाला, तर त्याला हटवणं गावाच्या हातात नव्हतं. तपासायला यायचे तेही दरबाराचेच निरीक्षक.

दुपारी चिनी प्रजासत्ताकाचे जनक सुन यात-सेन यांच्या समाधीवर गेलो. त्यांना दोन्ही हवं होतं: लोकांचं मत, आणि उमेदवारांचीही परीक्षा. त्यासाठी त्यांनी परीक्षा हे सरकारचं स्वतंत्र अंगच मांडलं. तैवानमध्ये ते अजून आहे. उमेदवारांच्या परीक्षेचं मला पटत नाही. मतदाराच्या आधीच कुणीतरी नापास ठरवणार असेल, तर मताला उरतं काय?

समाधीच्या दारावर चार अक्षरं आहेत, ‘जग सर्वांचं’. ‘लीजी’ या प्राचीन चिनी ग्रंथातली. गाइडने पुढची चार म्हणून दाखवली. पुन्हा तेच ‘श्वेन’. मी सांगितलं, “सज्जन आणि कर्तबगार माणसं निवडावीत.”

“कुणी निवडावीत?” ताईंनी विचारलं.

मूळ ओळीत कर्ता नाही, आणि मराठीतही तो मला गाळता आला होता. मी प्रश्न चिनीत विचारला. गाइडने ओळ पुन्हा म्हटली, या वेळी सावकाश. मग म्हणाला, तेवढं यात लिहिलेलं नाही.