रस्त्याचा पैसा आणि उसाचा ट्रॅक्टर

महामार्गाचा विषय निघाला की आपल्याकडं गप्पा खड्ड्यांपासून सुरू होतात आणि टक्केवारीवर येऊन थांबतात. रस्ता किती रुंद करायचा हे कशावरून ठरतं, पैसा कुठल्या खात्यातून येतो, राखणीला काय उरतं, हा मधला सगळा भाग तसाच राहून जातो. मी सांगलीत डिप्लोमाच्या मुलांना स्थापत्य शिकवते. त्याआधी रस्त्यांचे डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, करणाऱ्या एका सल्लागार कंपनीत नोकरी केली, म्हणून हा मधला भाग जवळून पाहिलाय. परवा वर्गात पलूसकडच्या एका मुलानं विचारलं, "मॅडम, शक्तिपीठ महामार्गाला शहाऐंशी हजार कोटी निघतात, मग आमच्या रस्त्याच्या साईडपट्ट्या भरायला पैसे का नसतात?" तासात सांगता आलं तेवढं सांगितलं. प्रश्न इतका रास्त आहे की उरलेलं इथं लिहितेय.

आधी रुंदीचं बघू. रुंदी ठरते वाहनं मोजून. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसचा दंडक असा की गणना सलग सात दिवस, चोवीस तास करायची, आणि वर्षातून दोनदा करायची: एकदा सुगी आणि बाजाराच्या भरात, एकदा मंदीत. मी कराड-विटा रस्त्यावर ऐन जानेवारीत रात्रपाळीला बसले आहे. मांडीवर पॅड, त्यावर तक्ता, एका वाहनाला एक उभी रेघ, पाचवी आडवी. रात्री अकरानंतर कार आणि एसटीचे रकाने ओस पडायचे आणि ट्रॅक्टरचा रकाना भरू लागायचा. दोन-दोन ट्रॉल्या, मागच्या ट्रॉलीला ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, आणि टेपचा आवाज इतका मोठा की ट्रॅक्टर दिसायच्या आधी गाणं ऐकू यायचं. पहाटेच्या सुमारास कारखान्याकडं बैलगाड्यांची रांग लागायची. गाडीवर ऊस, उसावर बीडकडची एखादी बाई, मांडीवर शालीत गुंडाळलेलं पोर.

या प्रत्येक वाहनाचं मग कारमध्ये रूपांतर करतात. कार म्हणजे १. ग्रामीण महामार्गांच्या प्रचलित कोष्टकात ट्रक किंवा बस ३, ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार आणि बैलगाडी ८. बैलगाडी आठ कारएवढी जागा व्यापत नाही, पण मागच्या सगळ्यांना आपल्या चालीनं चालायला लावते, त्याचा हा भाव. आता हीच गणना फक्त ऑगस्टमध्ये झाली तर काय होईल? वाळवा, पलूस, कडेगाव, कराड या पट्ट्यातल्या रस्त्यांवरचा निम्मा प्रश्न कागदावर येणारच नाही. उसाचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. तेवढ्या महिन्यांत रस्ता वेगळाच असतो.

रुंदी गर्दीवर ठरते, जाडी वजनावर. आणि वजनाचा हिशोब फार निर्दय आहे. अमेरिकेत १९५०च्या दशकाच्या अखेरीस मुद्दाम रस्ते बांधून, त्यांवर ट्रक फिरवून चाचण्या झाल्या. त्यातून निघालं की आसावरचं (ॲक्सलवरचं) वजन वाढलं की रस्त्याचं नुकसान साधारण त्याच्या चौथ्या घातानं वाढतं. वजन दुप्पट, तर झीज सोळा पट. मुलांना हे फळ्यावर मांडून दाखवलं की वर्ग गप्प होतो. २०१८च्या जुलैत केंद्रानं ट्रकच्या आसावरची परवानगी वाढवली. चार चाकांच्या एकेरी आसाला पूर्वी १०.२ टन चालायचे, ते ११.५ झाले. ऐकायला सव्वा टनाचा फरक. चौथ्या घातानं मांडला तर पूर्ण भरलेल्या आसामागं झीज १.६ पट. वाहतूकदारांना दिलासा मिळाला, ते योग्यच होतं, पण ज्या रस्त्यांची जाडी जुन्या वजनावर काढली होती त्यांना वरून डांबराचा एक जादा थर काही कुणी दिला नाही. त्यात आपली काळी माती, उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसाळ्यात फुगणारी. पेठ-सांगली रस्त्याचं नाव वर्षानुवर्षं खड्ड्यांसाठी निघायचं त्याला माती, पाणी आणि वजन ही तिन्ही कारणं होती. तो चौपदरी काँक्रीटचा करायचं ठरलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. या मातीत तेच हवं होतं.

आता पैसा. मुलांना मी १९२७पासून सांगते, कारण त्याचा धागा आपल्याच माणसापाशी जातो. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, जे पुढं पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, त्यांच्या अध्यक्षतेखाली रस्ते समिती नेमली गेली. समितीनं सांगितलं की मोठे रस्ते हा एकट्या प्रांतांचा आणि लोकल बोर्डांचा भार असू नये, पेट्रोलवर जादा कर बसवावा आणि तो रस्त्यांसाठी वेगळा ठेवावा. १९२९ साली गॅलनला दोन आणे असा तो बसला आणि केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. जो रस्ता वापरतो त्यानं इंधनातून पैसे द्यायचे आणि ते रस्त्यावरच यायचे, इतका सरळ विचार होता. २०००च्या कायद्यानं त्या निधीला पक्का आधार मिळाला. २०१८ साली त्याच्या नावात 'पायाभूत सुविधा' आल्या आणि पैशाला इतर वाटाही फुटल्या. राज्यांच्या रस्त्यांना त्यातून वाटा मिळतो, आपण ज्याला 'सीआरएफचं काम' म्हणतो ते हेच. राज्यांमध्ये वाटणी करताना ७० टक्के भार क्षेत्रफळाला आणि ३० टक्के इंधनाच्या खपाला असतो. रस्त्यावरून किती वजन गेलं याला त्या सूत्रात जागाच नाही.

राज्याचा दुसरा धागा तर थेट तासगाव तालुक्यातून निघतो. विसापूरच्या वि. स. पागे यांनी रोजगार हमीचा पहिला प्रयोग तिथं केला, आणि १९७२च्या दुष्काळात तो विचार राज्यभर गेला. माझी आजी विट्याजवळच्या रस्त्याच्या कामावर खडी फोडायला होती. बोटांना चिंध्या गुंडाळून खडी फोडायची, मग पाटीनं ढिगावर टाकायची, ढीग मोजून मजुरी. आपल्या भागातल्या कितीतरी रस्त्यांचं पहिलं सोलिंग, म्हणजे दगडांचा तळाचा थर, त्या हातांनी झालंय. त्या योजनेला कायम पैसा हवा म्हणून १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला, आणि जेवढा कर जमेल तेवढी भर सरकारनं घालायची असं ठरलं. माझ्या पगारपत्रकावर आजही दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात. शहरातल्या पगारदारानं दुष्काळी गावातल्या कामाला पैसे द्यायचे, आणि कशासाठी देतोय हे कायद्यात लिहिलेलं असायचं. त्याच कामातून आपले रस्ते निघाले. महाराष्ट्रानं हे एकदा करून दाखवलंय, म्हणून ते पुन्हा जमणार नाही असं म्हणणारं कुणी भेटलं की मला राग येतो.

मग साईडपट्टीला पैसे का नसतात? याचं उत्तर लेखाशीर्षात, म्हणजे खर्च कुठल्या खात्यात मांडतात त्यात, आहे. सरकारी हिशोबात रस्त्यांचे दोन आकडे असतात, ३०५४ आणि ५०५४. जिल्हा परिषदेत गेलात तर लोक 'तीस-चोपन्न', 'पन्नास-चोपन्न' असंच बोलतात. ५०५४ म्हणजे भांडवली खर्च, नवं बांधकाम, रुंदीकरण. ३०५४ म्हणजे महसुली खर्च, देखभाल: खड्डे, साईडपट्ट्या, गटारं, मोऱ्या उपसणं. नव्या रस्त्याला कर्ज मिळतं, महामंडळाला बँक पैसे देते, कारण पुढं टोल दिसतो. किंवा हायब्रीड ॲन्युइटी असते, ज्यात केंद्राच्या कामांना ४० टक्के सरकार बांधकाम चालू असताना देतं, ६० टक्के ठेकेदार उभे करतो आणि ते त्याला पंधरा वर्षांत हप्त्यानं परत मिळतात. गटार साफ करायला कुठलीच बँक कर्ज देत नाही. तो पैसा चालू वर्षाच्या महसुलातूनच यावा लागतो, आणि महसूल कमी पडला की पहिली कात्री तिथंच लागते. वर मागचे हप्ते आणि व्याज आधी भागवायचं असतं. २०२५मध्ये राज्यभरचे ठेकेदार थकलेल्या बिलांसाठी रस्त्यावर उतरले ते आपण पाहिलंच.

आणि साईडपट्टी ही किरकोळ गोष्ट नाही. डांबराच्या कडेला मुरूम खचला की कड उघडी पडते, पावसाचं पाणी कडेनं आत शिरतं, आणि पुढच्या हंगामात ट्रॉलीचं चाक नेमकं तिथं येतं. कड तुटत तुटत रस्ता आत येतो. बराच आत आला की मग 'नूतनीकरण' म्हणून त्याच रस्त्याचं नवं अंदाजपत्रक होतं, आता ५०५४मध्ये.

शक्तिपीठाबद्दल मुलानं विचारलं होतं, तर माझं मत सांगते. २०२५च्या आराखड्यात ८०२ किलोमीटर, बारा जिल्हे, अंदाज ८६,३०० कोटी. म्हणजे किलोमीटरला शंभर कोटींहून जास्त. २४ जून २०२५ला मंत्रिमंडळानं भूसंपादन आणि पूर्वतयारीसाठी २०,७८७ कोटींना मंजुरी दिली, त्यातले १२,००० कोटी हुडको या केंद्राच्या वित्तसंस्थेचं कर्ज. आपल्या जिल्ह्यातून रत्नागिरी-नागपूर महामार्ग आधीच मिरजेवरून सोलापूरकडं जातो. त्याची क्षमता किती वापरली गेली आणि किती उरली, ही गणना गावागावात लावून दाखवावी, मगच शेजारी दुसऱ्या रस्त्याला कर्ज काढावं. त्यात कृष्णाकाठच्या गावांची पुराची भीती आहे, आणि ती खरी आहे. २०१९ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५ आहे. पुराच्या पाण्याला आडवा मातीचा भराव घातला आणि त्यात पाणी जायला पुरेशी मोकळी गाळी ठेवली नाहीत तर तो भराव बंधाऱ्यासारखा पाणी धरतो.

आखणी बदलत नाही असं मात्र कुणी सांगू नये. भोसे गावात यल्लम्मा मंदिराजवळचा जुना वड याच रत्नागिरी-नागपूर महामार्गात जात होता. २०२०मध्ये लोक आडवे आले, आणि आखणी सरकली. वेळेत बोललं तर होतं. वेळ कुठली, ते कळायला हवं. राष्ट्रीय महामार्गाच्या कायद्यात 'तीन-अ'ची अधिसूचना निघाली की हरकतीला २१ दिवस असतात. 'तीन-ड' झाली की जमीन केंद्राच्या नावे गेली. माझ्या चुलत्यांच्या रानात संयुक्त मोजणी झाली तेव्हा विहिरीची, झाडांची किंमत सगळ्यांनी हिरीरीनं लिहून घेतली, पण रस्त्याखालून जाणाऱ्या पाइपलाइनसाठी नळा मागितला फक्त माझ्या चुलत्यांनी, तोही लेखी. आज रस्त्याच्या पलीकडच्या रानाला पाणी मिळतं ते त्या नळ्यातून. शेजारच्या दोघांची रानं पलीकडं कोरडी राहिली, कारण झालेला रस्ता फोडायची परवानगी कुणी देत नाही. ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा योजनांच्या पाण्यावर पाइपलाइनी टाकलेल्यांनी हे ध्यानात ठेवा. मोजणीला आलेल्या माणसाकडं नकाशा मागा, आणि आपली पाइप त्यात दिसतेय का बघा.

आता मला जे खरंच व्हायला हवंय ते. आपल्या भागातल्या रस्त्यांवरचं वजन मोजायला वेगळा सर्व्हे लागतच नाही. उसाचं प्रत्येक वाहन कारखान्याच्या काट्यावर चढतं. पावतीवर गाव असतं, कारखान्याचा गट (विभाग) असतो, वाहन असतं, वजन असतं. कुठल्या गावाचा ऊस कुठल्या रस्त्यानं येतो हे गट ऑफिसातल्या माणसाला तोंडपाठ असतं. गावनिहाय टनेज रस्त्यांवर मांडलं तर कुठल्या किलोमीटरवर किती भार पडतो याचा हिशोब आठवड्यात निघतो, दरवर्षी, फुकटात. त्यावरून ३०५४चा पैसा वाटावा. शिवाय हा शेतकऱ्याचा स्वतःचा विषय आहे, कारण तोडणी-वाहतुकीचा खर्च एफआरपीतूनच, म्हणजे उसाच्या सरकारनं ठरवलेल्या किमान दरातूनच, वजा होतो. रस्ता खराब, खेपा कमी, डिझेल जास्त, आणि कपात मात्र ज्याच्या हातात रस्त्याचं काहीच नाही त्याच्या बिलातून.

एका कारखान्याच्या शेती विभागानं शेतकऱ्यांची नावं वगळून गावनिहाय आकडे द्यायचं कबूल केलंय. तिसऱ्या वर्षाची मुलं पलूस आणि तासगाव तालुक्यांतल्या रस्त्यांवर ते मांडणार आहेत, आणि पडताळणीला जानेवारीत दोन फाट्यांवर गणनेला बसणार आहेत. नकाशा तयार झाला की जिल्हा नियोजन समितीला अर्जासोबत देणार, अर्थसंकल्पाच्या आधी. तुमच्या गावच्या रस्त्याची कड कुठं तुटलीय, कुठली मोरी बुजलीय, याचा फोटो ठिकाणासह पाठवलात तर तोही नकाशावर चढवू. कारखान्याच्या गटातल्या, स्लिपबॉयचं (ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देण्याचं) काम करणाऱ्या कुणी वेळ दिला तर फारच उत्तम, कारण रात्रीच्या खेपा कुठल्या आडरस्त्यानं जातात हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.