ऋणाची ओळ

आमची आजी नगरकडची. लग्न होऊन इंदूरला आली, सगळा जन्म मालव्यात गेला, पण प्रभूची प्रार्थना मराठीतच म्हणायची: "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड." घराच्या वाटणीवरून मी आणि दादा बोलेनासे झालो, त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून ही ओळ आली की मी गप्प.

फेब्रुवारीत कॅथलिक मैत्रिणींबरोबर इंदूरहून उदयनगरला, सिस्टर राणी मारियांच्या समाधीला, पायी निघाले. आम्ही प्रोटेस्टंट. आजी असती तर म्हणाली असती, "समाधीला कशाला गं?" पिशवीत शेव आणि पाण्याची बाटली. दुपारपर्यंत डाव्या टाचेला फोड आला, चप्पल हातात घेतली. डांबर तापलेलं, म्हणून कडेच्या मातीतून चालले. दोन्ही बाजूंना हरभरा. एका शेतातल्या बाईने काही न विचारता घाट्यांची जुडी हातात दिली.

सिस्टर राणी मारिया कॅथलिक नन, मूळच्या केरळच्या. उदयनगर भागातल्या आदिवासींना सावकाराच्या पाशातून सोडवायला धडपडायच्या, तेच काहींना खुपलं. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांना भोसकलं. जागा नाचनबोरची टेकडी, वय ४१. पुढे २००२ मध्ये त्यांच्या धाकट्या बहिणीने, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. २०१७ च्या नोव्हेंबरात इंदुरातच राणी मारियांना 'धन्य', म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं, ते आम्ही पेपरात वाचलं होतं. राखीचं मात्र मला तेव्हाही पटलं नव्हतं. खरं सांगायचं तर रागच आला होता. एवढं सोपं असतं का?

टेकडीवर सगळे थांबले. कुणीतरी हिंदीत प्रार्थना सुरू केली, "हमारे अपराध हमें क्षमा कर..." माझ्या तोंडी आजीची मराठी. हिंदीत अपराध, मराठीत ऋण. सावकाराच्या कर्जापायी जीव गेला त्या जागी तो शब्द वेगळाच लागला. दादाकडे माझं काय निघतं, याचा हिशोब सहा वर्षं तोंडपाठ होता. माझ्याकडे त्याचं काय निघतं, ते पान कधी उघडलंच नव्हतं. आईच्या आजारपणात रात्री दवाखान्यात तोच बसायचा.

ओळ म्हटली. अर्धीच आली, पुढे गळा दाटला. बाजूच्या म्हाताऱ्या आदिवासी बाईने माझ्या टाचेकडे पाहिलं, लुगड्याच्या पदराची चिंधी फाडली आणि खाली बसून बांधायला लागली. मी पाय मागे घेतला, तिने पुन्हा ओढला.

उदयनगरला समाधीपाशी पोचेस्तोवर अंधार पडला होता. चिंधी सुटली नव्हती.