तुम्ही विचारलंत म्हणून: टाके निघाले, आता वणावर काय लावायचं?

सिझेरियन असो, थायरॉइडचं असो की अपेंडिक्सचं, टाके निघाले की प्रश्न ठरलेला: "वण राहू नये म्हणून एखादं मलम सांगा ना." वण साफ पुसून टाकणारं मलम नाही. कातडीचा आतला जाड थर कापला गेला की वण राहतोच. तो बारीक, सपाट आणि फिकट ठेवणं मात्र बऱ्यापैकी आपल्या हातात असतं, आणि ते काम पहिल्या तीन महिन्यांतलं आहे.

त्याचं कारण असं. दोन आठवड्यांच्या जखमेत मूळ कातडीच्या जेमतेम दहा टक्के ताकद असते. पुढचे काही आठवडे शरीर तिथे घाईघाईने कोलॅजेन, म्हणजे कातडीला बळ देणारं प्रथिन, ओतत राहतं. ताण बसला, घासलं किंवा वरची कातडी कोरडी पडली, तर ते गरजेपेक्षा जास्त ओततं आणि वण जाड, लालसर, खाजरा होतो. तीन महिन्यांनी ताकद सुमारे ऐंशी टक्क्यांवर येते, पण रंग निवायला वर्ष-दीड वर्ष लागतं. म्हणून दुसऱ्या महिन्यात वण जास्त लाल दिसला तर घाबरू नका.

खपली असेपर्यंत फक्त साधं पेट्रोलियम जेली, पातळ थर. जखम वाळवायची ही समजूत सोडून द्या. ओलसर झाकलेली जखम लवकर भरते हे 1962 पासून माहीत आहे. हळद, लिंबू, टूथपेस्ट, स्पिरिट यातलं काहीही नको. नव्या कातडीला ते झोंबतं, आणि सुजेनंतर आपल्या सावळ्या वर्णावर काळा डाग मागे राहतो.

खपली पडली, पाणी येणं थांबलं, कातडी सलग झाली, की सिलिकॉन. साधारण दोन ते तीन आठवड्यांनी. सिलिकॉन आत शिरत नाही. वर बसून कातडीतलं पाणी उडू देत नाही, एवढंच त्याचं काम. भाजलेल्या रुग्णांवर 1980च्या दशकाच्या सुरुवातीपासून ते वापरात आहे. त्यावरचे अभ्यास लहान आहेत, पण लावायच्या औषधांत यापेक्षा भरवशाचं दुसरं काही नाही.

पोटावर सिलिकॉनची शीट, म्हणजे चिकटणारी पातळ पट्टी, चांगली. वणाच्या चारही बाजूंनी एक सेंटिमीटर बाहेर येईल अशी कापा. पहिले दोन दिवस चार-चार तास, मग रोज किमान बारा तास. रोज सौम्य साबणाने शीट आणि कातडी दोन्ही धुऊन, पूर्ण कोरडी करून परत लावा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात इथेच गडबड होते: घामावर शीट चिकटवली की पुरळ उठतं आणि लोक सिलिकॉनच सोडून देतात. पुरळ आलं तर दोन दिवस थांबा, मग तास कमी करून पुन्हा सुरू करा. मानेवर, चेहऱ्यावर, सांध्यावर सिलिकॉनचं जेल बरं. दिवसातून दोनदा, अगदी पातळ. पाच मिनिटांत सुकलं नाही तर जास्त झालंय, टिपून घ्या. दोन ते तीन महिने नेमाने, नाहीतर पैसे वाया.

शीट परवडत नसेल तर कागदी मायक्रोपोर टेप. सिझेरियन झालेल्या स्त्रियांवरची ऑस्ट्रेलियातली एक चाचणी 2005 मध्ये प्रसिद्ध झाली. बारा आठवडे टेप लावलेल्यांत जाड वण कमी दिसले. टेप वणाच्या लांबीने, न ताणता लावा. ताणून लावली की कडेला फोड येतात. आंघोळ टेपसकट करा, वरून टिपा, आणि ती स्वतः सुटेपर्यंत राहू द्या. रोज ओरबाडून काढलीत तर फायद्यापेक्षा इजा जास्त. परकराची नाडी किंवा लेगिंगचं इलॅस्टिक नेमकं वणावर बसत असेल, तर ते आधी वर घ्या.

कांद्याच्या अर्काची जेल महाग आहेत, आणि पुरावा तोकडा. व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून लावू नका: 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बहुतेकांना फायदा झाला नाही, आणि सुमारे एक तृतीयांश जणांना कातडीची ॲलर्जी झाली. मेडिकलमधून स्वतःहून आणलेलं स्टेरॉइडचं क्रीम तर मुळीच नको. आजूबाजूची चांगली कातडी पातळ होते. उघड्या जागी वर्षभर एसपीएफ 30 किंवा जास्तीचं सनस्क्रीन लावा. झाकलेल्या पोटाला त्याची गरज नाही.

वण कापलेल्या रेषेबाहेर पसरू लागला, विशेषतः छातीच्या मध्यावर, खांद्यावर किंवा कानाच्या पाळीवर, तर तो बहुधा केलॉइड. त्यावर नुसतं मलम पुरत नाही. त्वचारोगतज्ज्ञ वणातच ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने, आणि गाठ लहान असतानाच ती चांगली लागू पडतात. घरात कुणाला केलॉइड असेल तर हे ऑपरेशनच्या आधीच सर्जनना सांगा.