फळ्यावरचा तिसरा रकाना

नाशिकच्या त्र्यंबक रस्त्यावरील महाराष्ट्र पोलीस अकादमीत प्रशिक्षणार्थी उपनिरीक्षकांना गुन्हेगारी मानसशास्त्र शिकवण्यासाठी मी अधूनमधून जाते. त्या दिवशी अनेक खून करणाऱ्यांचे प्रकार शिकवायचे होते. फळ्यावर एका रकान्यात नाव आणि दुसऱ्यात बळींची संख्या मी लिहिली होती. नॉर्वेतील ब्रेविकने २२ जुलै २०११ या एकाच दिवशी ७७ जणांना ठार केले, तर इंग्लंडमधील डॉ. हॅरॉल्ड शिपमन याने १९७५ ते १९९८ या काळात सुमारे २१५ रुग्णांना एकेक करून मारल्याचा निष्कर्ष चौकशी आयोगाने काढला. यांपैकी कोणाचा धोका मोठा, असे मी विचारले. बहुतेकांनी दुसऱ्या रकान्याकडे पाहून उत्तर दिले.

बरीच वर्षे हवालदारकी करून खात्यांतर्गत परीक्षेतून आलेला एक प्रशिक्षणार्थी मात्र उभा राहिला. "मॅडम, आकडा शेवटी कळतो. सुरुवातीला एका मयताचा दुसऱ्याशी संबंधच लागत नाही." त्याच्या जुन्या ठाण्याच्या हद्दीत दोन महिन्यांत दोन भिकारी मृतावस्थेत सापडले होते. दोन्ही नोंदी अकस्मात मृत्यूच्या, तपास दोन वेगवेगळ्या अंमलदारांकडे. "दोघांच्याही डोक्यालाच मार होता. कागद एकत्र कोणी वाचलेच नाहीत. मीसुद्धा नाही."

वर्ग शांत झाला. मी आकडे पुसले आणि पहिला खून व पहिला संशय यांच्यामधील काळ लिहायला नवा रकाना आखला. ब्रेविकपुढे काही तास, कारण त्याला त्याच दिवशी पकडले. सामूहिक हत्या करणाऱ्याला रोखण्याची खरी संधी गुन्ह्यापूर्वीच असते. एकामागून एक खून करणाऱ्याच्या मालिकेत मात्र ती प्रत्येक दोन खुनांच्या मध्ये पुन्हा पुन्हा येते आणि म्हणूनच ती हुकणे मला अधिक भयंकर वाटते. शिपमनचे रुग्ण बहुतांशी वृद्ध होते आणि मृत्यूचे दाखले तोच देत असे. १९९८ मध्ये संशय आल्यावर सुरू झालेली पोलीस चौकशी पुराव्याअभावी थांबली आणि त्यानंतर त्याने आणखी तिघांना मारले. मुंबईचा रामन राघव फुटपाथवर व झोपड्यांत निजलेल्यांना मारत असे. पहिल्या मालिकेच्या वेळी तो पोलिसांच्या हाती लागून सुटला होता आणि १९६८ मध्ये पुन्हा पकडला गेला. रेणुका शिंदे व सीमा गावित या बहिणी आणि त्यांची आई यांनी १९९० ते १९९६ या काळात १३ मुले पळवली व त्यांतील काहींना मारले. ती बरीचशी गरिबांची होती, वेगवेगळ्या शहरांतील होती आणि प्रत्येक तक्रार त्या त्या ठाण्यात पडून राहिली. त्यांच्यापर्यंत नेणारा धागा १९९६ मध्ये इथे, नाशिकमध्येच, सापडला होता. हे सांगितल्यावर मागच्या बाकावरच्यांनीही वह्या उघडल्या.

तास संपल्यावर तो प्रशिक्षणार्थी दाराशी थांबला होता. "ते दोन शवविच्छेदन अहवाल आता मागवता येतील का?" जखमांची जागा, वेळ आणि हत्याराचा अंदाज शेजारी शेजारी मांडून वरिष्ठांना लेखी अर्ज कर, असे मी सांगितले आणि अर्जाचा मसुदा आम्ही तिथेच बाकावर बसून लिहायला घेतला.