समईभोवतीचा अंधार

गेल्या महिन्यात मी देवघरातल्या समईचे एक चित्र पूर्ण केले. पूर्ण केले म्हणजे ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या संगणक-प्रणालीतला रेंडर, म्हणजे घडवलेल्या दृश्यावरून अखेरचे चित्र काढण्याचा टप्पा, संपला, आणि त्या रात्री मला ते खरोखरच पूर्ण वाटले. चित्रात फारसे काही नाही: चुन्याच्या भिंतीतला एक कोनाडा, त्यासमोर पाटावर ठेवलेली पाच वातींची पितळी समई, तिच्यातली एकच वात पेटलेली, शेजारी कुंकवाचा करंडा आणि उरलेल्या जागेत अंधार. संगणकाच्या पडद्यावर हा अंधार मऊ आणि अखंड दिसत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी चित्र समाजमाध्यमावर टाकले आणि बसमध्ये बसून फोनवर पाहिले, तेव्हा ज्योतीभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखी वर्तुळे उमटलेली होती, कुंकू पाण्यात भिजल्यासारखे कडेने विरघळले होते आणि पितळेवरची चकाकी विझली होती. चित्र मी तिथल्या तिथे काढून टाकले. ते पुन्हा टाकण्याजोगे व्हायला अकरा दिवस लागले, आणि त्या अकरा दिवसांत समईला मी फारच थोडा हात लावला.

पोटापाण्यासाठी मी इमारतींची चित्रे करते; अजून न बांधलेल्या सदनिकांच्या बाल्कनीत संध्याकाळचे ऊन पाडणे हे माझे रोजचे काम. ती चित्रे फलकावर चढतात, लोक ती रस्त्याच्या पलीकडून पाहतात आणि त्यांत पट्टे आले तरी कोणाच्या लक्षात येत नाहीत. हातभर अंतरावरून, रात्री दिवे मालवून पाहिला जाणारा फोन त्या मानाने फार कठोर परीक्षक आहे.

वर्तुळांचे कारण हिशेब मांडला की लगेच कळते. आठ बिटांच्या चित्रात प्रत्येक रंगाला काळ्यापासून पूर्ण उजेडापर्यंत २५६ पायऱ्या मिळतात, आणि एरवी त्या पुष्कळ होतात. माझ्या भिंतीवर मात्र उजेड २० व्या पायरीवरून ४ थ्या पायरीपर्यंत उतरत होता आणि तो उतार सुमारे ९०० पिक्सेलांत पसरला होता, म्हणजे एकेक पायरी साधारण ५६ पिक्सेल रुंद झाली होती. एवढ्या रुंद पायरीची कड डोळ्याला दिसणारच. ब्लेंडर चित्र साठवताना या कडांवर बारीक विखुरणी करून, म्हणजे शेजारच्या पायऱ्यांचे पिक्सेल एकमेकांत विखरून, त्या लपवतो आणि म्हणूनच मूळ पीएनजी फाइलीत त्या दिसत नव्हत्या. पण संकेतस्थळ आपले चित्र घेऊन त्याचे पुन्हा जेपीईजी करते. १९९२ साली मानक ठरलेल्या या पद्धतीत चित्राचे आठ गुणिले आठ पिक्सेलांचे चौकोन पाडतात आणि त्यांतला डोळ्याला न जाणवणारा बारीक तपशील टाकून देतात. माझी विखुरणी नेमकी त्याच तपशिलात जमा होती. ती गेली आणि पायऱ्या उघड्या पडल्या.

सोळा बिटांची फाइल चढवून पाहावी असा विचार मनात आला होता, पण पलीकडे तिचे आठ बिटच होणार असतील तर तो खटाटोप व्यर्थ आहे. शेवटी मी उपाय केला तो भिंतीवर. गुळगुळीत भिंतीच्या जागी मी सुटत आलेल्या पोपड्यांची, थोडी ओल धरलेली चुन्याची भिंत केली आणि वर छायाचित्राच्या फिल्मवर असतात तसे ठळक कण किंचित मिसळले. हे उंचवटे आणि कण जेपीईजीच्या चाळणीत टिकतात, आणि त्यांच्यामुळे उजेडाची कड कुठेही सरळ रेषेत धावत नाही. फाइलीच्या सोयीसाठी भिंत जुनी करावी लागली याचे आधी वाईट वाटले. नंतर वाटले की देवघराला हीच भिंत शोभते.

कुंकवाचे दुखणे वेगळे होते. जेपीईजी चित्राचा उजेड आणि रंग वेगवेगळे साठवतो आणि बहुतेक संकेतस्थळे रंगाची माहिती चार पिक्सेलांत मिळून एकदाच ठेवतात. एरवी हे खपून जाते, कारण आकारांचा तपशील उजेडात असतो. पण या हिशेबात उजेडातला लाल रंगाचा वाटा सुमारे ३० टक्केच असल्यामुळे काळोखावरचे लाल कुंकू उजेडात जेमतेम दिसते आणि त्याची सगळी रेखीवता रंगाच्या त्या अपुऱ्या माहितीवर अवलंबून राहते. करंड्याच्या काठावर सांडलेले कुंकू म्हणून मी जी बारीक रेघ हौसेने काढली होती, तिचा त्यामुळे नुसता डाग झाला. करंडा मी ज्योतीच्या बाजूला दोन बोटे सरकवला, कुंकवाचा लाल थोडा केशरी केला आणि ती रेघ दुप्पट जाड केली.

चकाकी विझली ती मात्र माझ्या चुकीने. चित्र मी २१६० गुणिले २७०० या आकारात रेंडर करते आणि टाकताना बरोबर निम्मे, १०८० गुणिले १३५० करते. घाईत मी जे साधे साधन वापरले, ते लहान करताना फाइलीतल्या आकड्यांचीच सरासरी काढते, आणि ते आकडे उजेडाच्या सरळ प्रमाणात नसतात. शेजारच्या दोन पिक्सेलांपैकी एक पूर्ण पांढरा आणि दुसरा पूर्ण काळा असेल तर अशी सरासरी १२८ येते, पण उजेडाची खरी सरासरी काढून ती पुन्हा फाइलीच्या मापात आणली तर १८८ यायला हवी. पितळेवरच्या चकाकीचे ठिपके एकेक पिक्सेलाचेच असतात, त्यामुळे या चुकीचा फटका बसतो तो त्यांनाच. आता मी रेंडरचा उजेड जसाच्या तसा साठवणारी एक्सआर फाइल ब्लेंडरच्या कंपोझिटरमध्येच, म्हणजे रेंडरवर पुढचे संस्कार करण्याच्या भागातच, लहान करते आणि रंगरूप त्यानंतर चढवते.

हे रंगरूप चढवणे विसरता कामा नये, कारण एक्सआरमध्ये उजेड कच्चा असतो आणि तो पडद्यावर कसा दाखवायचा हे त्यात ठरलेले नसते. ब्लेंडरच्या ४.० या आवृत्तीपासून, म्हणजे नोव्हेंबर २०२३ पासून, त्यासाठी एजीएक्स ही पद्धत मुळातच लावलेली असते. साध्या पद्धतीत ज्योतीचा गाभा सपाट पिवळा होऊन कागद कापून चिकटवल्यासारखा दिसतो. एजीएक्समध्ये तो आतून पांढरट होत जातो, आणि खऱ्या ज्योतीकडे पाहताना आपल्याला तेच दिसते. अखेरच्या फाइलीला मी एसआरजीबीचे प्रोफाइल जोडते, म्हणजे रंग कोणत्या मोजमापाने वाचायचे याबद्दल पाहणाऱ्याच्या फोनला तर्क करावा लागत नाही.

या तांत्रिक झटापटीत समईचे खरे दोष आईने काढले. मी तिला मोठ्या पडद्यावर चित्र दाखवले. तिने चष्मा लावून ते नीट पाहिले आणि म्हणाली, “ही दुकानातली समई आहे. लावलेली समई अशी नसते गं. काजळी कुठाय? तेलाचा एक ओघळ नाही. आणि समईत एकेरी वात कोण घालतं? जोडवात असते.” तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मी दोन पिळाची वात केली, वातीपाशी पितळ काळवंडवले आणि दांड्यावरून तळापर्यंत तेलाचा एक चकचकीत ओघळ आणला. तेवढ्यासाठी रेंडर पुन्हा लावावा लागला. नॉइझ, म्हणजे रेंडरमधले दाणेदार ठिपके, निम्मा करायचा तर सॅम्पल, म्हणजे प्रत्येक पिक्सेलासाठी उजेडाची घेतलेली मापे, चौपट लागतात. म्हणून मी १०२४ वर थांबते आणि उरलेला नॉइझ तो पुसणाऱ्या डीनॉइझरकडे सोपवते, पण त्याचा परिणाम अर्धाच मिसळते, नाहीतर घासून घासून पितळेवर पडलेले बारीक ओरखडेही तो नॉइझ समजून पुसून टाकतो.

टाकण्यापूर्वीची आणखी दोन कामे लोक सहसा सांगत नाहीत. पहिले असे की ब्लेंडर पीएनजी फाइलीत तारीख, रेंडरचा वेळ आणि मूळ फाइलीचा संगणकावरचा पूर्ण पत्ता नोंदवून ठेवू शकतो. माझ्या फाइलीत तो पत्ता होता आणि त्यात एका ग्राहकाच्या कामाच्या फोल्डरचे नाव आले होते. ते बाहेर जाणे बरे नव्हे, म्हणून ती नोंद मी बंद केली. दुसरे काम चित्राच्या वर्णनाचे, म्हणजे पडदा न पाहता ऐकणाऱ्यांसाठीच्या मजकुराचे. तिथे मी “रेंडर केलेली कलाकृती” असे कधीच लिहीत नाही, कारण त्यातून ऐकणाऱ्याला काहीच दिसत नाही. “अंधाऱ्या देवघरात एक जोडवात पेटलेली पितळी समई, उजवीकडे कुंकवाचा करंडा, मागे पोपडे सुटलेली भिंत” असे लिहायला अर्धा मिनिट लागतो.

श्रेयाबद्दल मी थोडी हट्टी आहे. भिंतीचा पोत पॉली हेवन या मोफत साहित्याच्या संकेतस्थळावरून घेतला होता. तिथले साहित्य सीसी-शून्य परवान्याचे असल्याने नाव देण्याचे बंधन नाही, तरीही मी दिले. समई, करंडा आणि पाट मी स्वतः घडवले, हेही लिहिले. हल्ली कोणतेही बरे चित्र टाकले की “हे एआयने केले का?” हा प्रश्न येतोच. त्यावर वाद घालण्याऐवजी मी दुसऱ्या पानावर त्याच दृश्याचे रंग-पोत काढलेले राखाडी मातीचे रूप आणि तिसऱ्यावर वस्तूंचे आकार ज्यातून घडतात ते नुसते तारांचे जाळे जोडते. ज्याला पाहायचे आहे त्याला समईचा प्रत्येक कंगोरा कसा वळवला आहे ते तिथे दिसते, आणि न पाहणाऱ्याची समजूत मी कितीही लिहिले तरी पटणार नसते.

नवे चित्र टाकून आठ दिवस झाले. फोनवर वर्तुळे दिसत नाहीत. फोनचा उजेड अगदी पूर्ण वाढवला की उजव्या कोपऱ्यात एक पट्टा मला अजून जाणवतो, पण तो कुठे आहे हे माहीत असल्यामुळेच जाणवत असावा. काल एकांनी चौकटीत लावण्यासाठी छापील प्रत मागितली. माझी सर्वात मोठी फाइल इंचाला ३०० ठिपक्यांच्या हिशेबाने ७.२ गुणिले ९ इंचच भरते आणि त्यांना भिंतीवर त्याच्या दुप्पट हवी आहे. ४३२० गुणिले ५४०० म्हणजे पिक्सेल चौपट. जिथे ४० मिनिटे लागत होती तिथे आता दोन तास चाळीस मिनिटे लागतील. इन्व्हर्टर भरलेला आहे ना, हे दोनदा पाहून मी तो रेंडर लावला आहे, आणि हे लिहिताना तो ६१ टक्क्यांवर आला आहे.