उजव्या मागच्या चाकाने दिलेला पुरावा: अल्पाइन ए११० आणि ७१८ केमन, पुढील नोंद

माझ्या अल्पाइन ए११० या स्पोर्ट्स कारच्या उजव्या मागच्या ब्रेक डिस्कच्या कडेला लावलेला, उष्णतेने बदलणारा हिरवा रंग पांढरा पडला आणि डाव्या मागच्या डिस्कवरचा मात्र जसाच्या तसा राहिला. गेल्या हंगामापासून छळणाऱ्या ब्रेकच्या प्रश्नाचा धागा त्यामुळे प्रथमच हाती लागला आहे.

आधीच्या नोंदी वाचणाऱ्यांना पार्श्वभूमी ठाऊक आहे; इतरांसाठी थोडक्यात सांगतो. नॉर्डश्लाइफ या जर्मनीतील शर्यतीच्या लांब मार्गावरील सार्वजनिक फेऱ्यांत माझ्या ए११० चे ब्रेक पेडल पहिल्या फेरीत घट्ट असते. लागोपाठ दुसरी फेरी घेतली की श्वेडेनक्रॉइत्सनंतरचे आरेमबर्ग आणि फुक्सरोहरेनंतरचे आडेनाउअर फोर्स्ट ही दोन जोरकस ब्रेकिंगची ठिकाणे पार होऊन ब्राइटशाइडचा उतार संपेपर्यंत ते अधिक खोल जाऊ लागते. मित्राच्या पोर्शे ७१८ केमन जीटीएस ४.० मध्ये त्याच दिवशी असे काही जाणवत नाही. केमनचे वजन १४०० किलोच्या थोडे वर, अल्पाइनचे ११०० च्या आसपास. चालक धरूनही ताशी २०० किमी वेगाला केमनच्या ब्रेकना सुमारे सव्वापट ऊर्जा जिरवावी लागते. हलक्या गाडीने आधी हात टेकावेत हे मला पटत नव्हते.

पेडल कडक राहून गाडी थांबेनाशी झाली तर डिस्कवर घासणारे पॅड तापलेले असतात, आणि पेडल मऊ पडून खाली जाऊ लागले तर ब्रेक ऑइल उकळलेले असते. डॉट ४ या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू कोरड्या अवस्थेत किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. हवेतील पाणी शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरला तरी मानकात बसतो. म्हणून वसंतात ३०० अंशांच्या पुढचे रेसिंग ऑइल भरले आणि ते जवळपास अर्धे काम करून गेले. पॅडचा मार्ग अरुंद आहे, कारण या फेऱ्यांना रस्त्यावरचेच वाहतूक नियम लागू होतात, गाडी रस्त्यासाठी वैध असावी लागते आणि बदली ब्रेक पॅडसाठीची ईसीई आर९० मान्यता नसलेले शर्यतीचे पॅड त्यामुळे बाद ठरतात. मान्यता असलेला एक कठीण पॅड, ‘आवाज करत नाही’ या विक्रेत्याच्या खात्रीवर, बसवला. तो कार्यालयाच्या वाटेवर प्रत्येक सिग्नलला किंचाळतो आणि थंड सकाळी पहिल्या दोन ब्रेकिंगना उशिरा पकडतो. रोजच्या गाडीत हे मला मान्य नाही.

त्यानंतर उष्णतादर्शक रंगांकडे वळलो. हिरवा ४३० अंशांना, नारिंगी ५६० ला आणि लाल ६१० ला रंग बदलतो. डिस्कच्या बाहेरच्या कडेवर तिन्हींचे बारीक पट्टे ओढले. पुढच्या दोन्ही डिस्कवर हिरवा बदलला, नारिंगी शाबूत राहिला, म्हणजे पुढे सारे आटोक्यात होते. मागे मात्र फक्त उजवी बाजू तापली. साध्या ब्रेकिंगने मागची दोन्ही चाके सारखीच तापायला हवीत. नॉर्डश्लाइफवर गाड्या घड्याळाच्या दिशेने धावतात, उजवी वळणे अधिक आहेत आणि त्या वळणांत उजवे मागचे चाक आतले असते. ए११० मध्ये यांत्रिक लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एक चाक घसरले तरी दुसऱ्याला जोर पोहोचवणारी रचना, नाही. वळणातून बाहेर पडताना आतले चाक फिरू लागले की इलेक्ट्रॉनिक प्रणाली त्याच चाकाचा ब्रेक आवळते. मी लवकर थ्रॉटल देतो त्या प्रत्येक ठिकाणी तो ब्रेक माझ्या नकळत काम करत होता. केमन जीटीएसमध्ये असे यांत्रिक डिफरन्शियल असल्याने तेथे हा भार बराच कमी पडतो.

अल्पाइनने हलकेपणासाठी घेतलेला हा निर्णय मला आजही योग्य वाटतो. चारही चाकांना डबल विशबोन प्रकारचे सस्पेन्शन असलेली ही गाडी आयफेल या तिथल्या डोंगराळ भागाच्या उंचसखल डांबरावर ज्या शांतपणे चालते, तो शांतपणा मॅकफर्सन प्रकारच्या सस्पेन्शनच्या केमनमध्ये मला मिळत नाही. केमनचे चार लिटरचे इंजिन अप्रतिम आहे, परंतु मॅन्युअलचा दुसरा गिअर ताशी १३० किमीपर्यंत ताणला जातो आणि शहरात त्याचा आनंद क्वचितच घेता येतो. सामानाच्या बाबतीत केमन निर्विवाद पुढे आहे: पुढेच १५० लिटर आणि मागे त्याहून मोठी जागा, तर अल्पाइनमध्ये पुढे ९६ आणि मागे सुमारे १००, तीही इंजिनच्या उष्णतेत, त्यामुळे भाजीबाजाराची पिशवी मी पुढेच ठेवतो.

पुढच्या चाकांसाठी दोन भागांच्या डिस्क घेण्याचा बेत रद्द केला आहे. ते पैसे मागच्या चाकांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांवर खर्च करणार होतो. हे लिहिता लिहिता मात्र वाटते की आधी काहीही न विकत घेता इलेक्ट्रॉनिक मदत कमी करणाऱ्या ट्रॅक मोडमध्ये, थ्रॉटल जाणीवपूर्वक उशिरा देऊन, नव्या पट्ट्यांसह दोन फेऱ्या घ्याव्यात. उजवा हिरवा पट्टा तेव्हाही पांढरा पडला तर नळ्या, आणि टिकला तर जुने रस्त्याचे पॅड परत बसवेन. मित्रानेही केमनच्या चारही डिस्कवर रंग लावू देण्याचे कबूल केले आहे, त्यामुळे पुढील नोंदीत दोन्ही गाड्यांचे पट्टे शेजारी शेजारी ठेवून बोलता येईल.