डब्यावरचा आकडा आणि काकांची खोली

घरं, दुकानं रंगवायची कामं घेतो मी. मागच्या महिन्यात साताऱ्यात एका जुन्या घरातली बाहेरची खोली रंगवली, ते सांगतोच, कारण रंग किती लागेल यावरनं जेवढा वाद होतो तेवढा मजुरीवरनं पण होत नाही.

काका एसटीतनं कंडक्टर म्हणून रिटायर झालेले, हिशोबाला एकदम पक्के. आधीच्या माणसाने त्यांना पिस्ता कलरची 10 लिटरची बादली सांगितली होती. काका म्हणाले, "एवढ्याशा खोलीला 10 लिटर? मला मांडून दाखव बाबा."

खोली 12 बाय 10, उंची 10 फूट. चारी भिंती मिळून 440 स्क्वेअर फूट, त्यातनं दार 21 आणि खिडकी 16 वजा, राहिले 403. चांगल्या भिंतीवर इमल्शन (पाण्यात कालवायचा भिंतीचा रंग) दोन हातात, म्हणजे दोन थरांत, लिटरला साधारण 120 स्क्वेअर फूट जातं, म्हणजे साडेतीन लिटरच्या आतच. मग 10 आले कुठनं? त्या माणसाचा कागद काकांनी जपून ठेवलेला, तो बघितला तर कार्पेट एरियाला साडेतीनने गुणून 420 काढलेले (यात सीलिंग पण आलं, आणि सीलिंग तर पांढरंच करायचं होतं), मग दोन हात म्हणून डबल केलं 840, आणि 120 ने भागलं. 7 लिटर आले, पुढचा पॅक 10 चा. अहो पण डब्यावरचा तो 120 चा आकडा दोन हातांचाच असतो ना! डबल कशाला करायचं? आणि शेड बनवलेला रंग दुकानदार परत घेत नाही, उरला की गेले पैसे.

पण मी लगेच 4 लिटर आणा असं पण म्हटलं नाही. आधी भिंतींवरनं हात फिरवला. मोरीकडच्या भिंतीवर तळहात पांढराफटक झाला, पाणी शिंपडलं तर थेंब खाली ओघळायच्या आधीच गायब. बाकी तीन भिंतींवर पाणी सरळ खाली उतरलं. म्हणजे त्या एका भिंतीला जुना चुना, वर डिस्टेंपरचा (भुकटी सुटणाऱ्या जुन्या रंगाचा) थर, आणि तिथे 120 चा हिशोब चालणारच नाही. तिला मी 80 धरले. भिंत 120 स्क्वेअर फुटांची, म्हणजे दीड लिटर, बाकीच्या 283 ला अडीचच्या आत, बेरीज जेमतेम 4. म्हणून 4 चा आणि 1 चा असे दोन डबे एकाच वेळी मशीनवर बनवून घेतले आणि मोठ्या बादलीत एकत्र कालवले, शेड पुढेमागे नको.

ती भिंत पत्र्याने पूर्ण खरवडली, पॉलिश पेपर मारला, धूळ पुसली, प्रायमरचे दोन हात दिले. यात दीड दिवस गेला पण चुन्यावर थेट रंग मारला की वर्षभरात पापुद्रे सुटतात, मग किती लिटर आणले याला काय अर्थ राहतो? मला हे मनापासून वाटतं, रंग भिंतीला लागतो, खोलीला नाही, आणि प्रत्येक भिंत वेगळी बघायला पाहिजे.

काम झाल्यावर अर्ध्या लिटरच्या वर रंग उरला. टचअपला ठेवा म्हणून डब्यावर शेड नंबर लिहून दिला. काकांनी मात्र हिशोबाचा कागदच मागून घेतला, आणि परवा फोन आला, आतल्या खोलीचं माप त्यांनी स्वतः टेपने घेऊन ठेवलंय, पाणी पण शिंपडून बघितलंय, दोन भिंती पितात म्हणाले. ते काम पुढच्या आठवड्यात धरलंय.